आवाज कुणाचा?

मराठीत ‘आवाज’ हा एकच शब्द दोन कामे करतो. कानठळ्या बसवतो तो आवाज, आणि अन्यायाविरुद्ध माणूस उठवतो तोही आवाजच. सीमाभागात लहानाचे मोठे झालेल्या प्रत्येकाने ‘आवाज कुणाचा?’ ही मोर्चातली आरोळी कधी ना कधी ऐकलेली आहे. मला जे म्हणायचे आहे ते या एका शब्दाच्या दोन अर्थांत बसते. शांततेच्या काळात लढाऊ विमाने जमिनीलगत उडवण्याचा सराव जगात जिथे जिथे चालतो, तिथे पहिल्या अर्थाचा आवाज अशा लोकांच्या डोक्यावर ओतला जातो, ज्यांचा दुसऱ्या अर्थाचा आवाज राजधानीपर्यंत पोचत नाही. हा अन्याय आहे. पुष्कळदा तो अनावश्यकही असतो, आणि ‘देशरक्षण’ हे नाव दिल्याने तो न्याय होत नाही.

आधीच एक खुलासा केलेला बरा, नाहीतर काही वाचक इथेच अंक मिटून ठेवतील. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे गाव. इथल्या खेड्याखेड्यांत फौजेत गेलेली माणसे आहेत, फौजेतून परत न आलेलीही आहेत. सांबऱ्याला हवाई दलाची संस्था आहे, पण तिथे प्रामुख्याने वायुसैनिकांचे शिक्षण चालते. माझ्या कौलांवरून रोज लढाऊ विमान जाते आणि त्याचा राग मी या पानांवर काढतो आहे, असा प्रकार नाही. सैन्याला सराव लागतो, हेही मला मान्य आहे. माझा प्रश्न साधा आहे. तो सराव कुणाच्या डोक्यावर करायचा, किती उंचीवरून करायचा आणि कुणाला विचारून करायचा?

खालून उडणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले नाही त्याला नीट समजत नाही. रडारची नजर सरळ रेषेत जाते. पृथ्वीच्या गोलाईआड आणि डोंगरांच्या सावलीत ती पोचत नाही. म्हणून शत्रूच्या रडारला चुकवायचे तर जमिनीला चिकटून उडायचे, अशी युक्ती शीतयुद्धाच्या काळात युरोपातल्या हवाई दलांनी उचलून धरली. उंची शंभर मीटरच्या आत, कधीकधी अवघी तीस मीटर. तीस मीटर म्हणजे नऊ-दहा मजली इमारत. वेग ताशी आठशे किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दोनशेवीस मीटरांच्या वर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे तीनशेचाळीस मीटर धावतो. हिशेब करून पाहा. विमान दोन किलोमीटरवर असताना निघालेला आवाज तुमच्यापाशी सहा सेकंदांत येतो आणि खुद्द विमान नऊ सेकंदांत. म्हणजे उघड्या माळावरसुद्धा सावध व्हायला तीन सेकंद. मध्ये टेकडी असेल तर तेही नाहीत. डोक्यावर एकदम आभाळ फाटते, आणि काय झाले हे कळेपर्यंत विमान पुढच्या खोऱ्यात गेलेले असते.

माणूस निदान ‘विमान गेले’ असे म्हणून छातीवरचा हात काढतो. जनावराला कोण सांगणार? गाभण म्हैस दावे तोडून धावत सुटली तर ती गाभडण्याची भीती असते. पोल्ट्रीतल्या कोंबड्या दचकल्या की एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात, हे कुक्कुटपालन करणाऱ्या कुणालाही विचारा. नांगराला जुंपलेला बैल बुजला तर फाळ कुणाच्या पायात जाईल याचा नेम नाही. शहरात विमानाचा आवाज म्हणजे नुसती कटकट असते. खेड्यात तो आवाज माणसाच्या पोटावर येतो.

आता ज्या ठिकाणी हा सगळा व्यवहार उघडा पडला तिथे चलू. शीतयुद्धात पश्चिम जर्मनी हे भावी रणांगण मानलेले होते, म्हणून तिथल्या आकाशात जर्मन, अमेरिकन, ब्रिटिश अशा सगळ्यांची विमाने खालून उडत. काही ठरावीक पट्ट्यांत तर पंचाहत्तर मीटरपर्यंत उतरायची मुभा होती. देश दाट वस्तीचा, लोक सुशिक्षित आणि मतपेटीची ताकद ओळखणारे. त्यांनी तक्रारी केल्या, सभा भरवल्या, खासदारांना भंडावून सोडले. डिसेंबर १९८८ मध्ये रेमशाइड शहरातल्या घरांवर एक अमेरिकन लढाऊ विमान कोसळले. वैमानिकाबरोबर काही रहिवासीही प्राणाला मुकले. अखेर १९९० मध्ये जर्मनीत खालून उडण्याची किमान मर्यादा तीनशे मीटरवर नेण्यात आली. लोकशाहीत असेच व्हायला हवे, म्हणून त्या लोकांचे मी अभिनंदनच करीन.

पण तो सराव गेला कुठे? त्याचा बराच मोठा भाग आधीपासूनच समुद्रापलीकडे नेलेला होता. कॅनडाच्या ईशान्य टोकाला लॅब्राडॉर नावाचा थंड, विस्तीर्ण प्रदेश आहे. तिथल्या गूज बे या दुसऱ्या महायुद्धातल्या तळावर ऐंशीच्या दशकात जर्मन, ब्रिटिश आणि डच विमाने सरावाला येऊ लागली. १९८६ मध्ये तसा रीतसर करार झाला. दशकाच्या अखेरीस वर्षाला सहा-सात हजार उड्डाणे होऊ लागली आणि उंचीची मर्यादा होती तीस मीटर. एक लाख चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख त्यासाठी वापरला गेला. कारण विचारले की उत्तर तयार असे: तो प्रदेश रिकामा आहे.

रिकामा! त्या रिकाम्या प्रदेशाला तिथल्या लोकांचे नाव आहे नितास्सिनान, म्हणजे ‘आमची भूमी’. तिथे राहणारे लोक स्वतःला इन्नू म्हणवतात, आणि त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ असा आहे. हजारो वर्षे ते कॅरिबू नावाच्या, रेनडिअरच्या जातीच्या जनावरामागून रानोरान फिरत आले. कुठल्याही राजाशी किंवा सरकारशी तह करून त्यांनी ती जमीन दिलेली नव्हती. विसाव्या शतकात सरकारने त्यांना वस्त्यांत बसवले, तरी वसंतात आणि शरदात कुटुंबेच्या कुटुंबे तंबू घेऊन रानात जात. नेमक्या त्याच महिन्यांत विमाने येत. नदीतल्या होडीवरून, तंबूवरून, शिकारीच्या वाटेवरून ती जात, आणि पोरे किंचाळत आईला बिलगत. नकाशावर मात्र तिथे काहीच नव्हते. नकाशा काढणाऱ्याच्या लेखी जिथे पक्के घर नाही, सातबारा नाही, मतदार यादी लांबलचक नाही, तिथे माणूस नाही.

नकाशा कोण काढतो आणि कुणाला न विचारता काढतो, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना १९५६ पासून वेगळे सांगावे लागत नाही. इन्नूंचे दुःख आणि आमचे दुःख एका मापाचे नाही, तसा दावा मी करणार नाही. पण दूरच्या टेबलावर ओढलेली रेघ खाली राहणाऱ्यांच्या जगण्यावरून कशी जाते, हे समजायला आम्हाला शब्दकोश लागत नाही.

१९८८ च्या शरद ऋतूत इन्नू उठले. त्यात बायका पुढे होत्या. एलिझाबेथ पेनाशू हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. पोराबाळांसह त्यांनी बॉम्बफेकीच्या मैदानात तंबू ठोकले, धावपट्टीवर चालत जाऊन ठिय्या दिला. पकडले, सोडले, त्या पुन्हा गेल्या. शेकडो अटका झाल्या. एप्रिल १९८९ मध्ये न्यायाधीश जेम्स इग्लोलिओर्टे यांच्यापुढे चार इन्नूंचा खटला आला. हे न्यायाधीश स्वतः लॅब्राडॉरच्या इन्युइट समाजातले. ही जमीन आपली आहे असे या लोकांना प्रामाणिकपणे वाटते, आणि तसे वाटायला आधार आहे, असे म्हणून त्यांनी चौघांना निर्दोष सोडले. तो निकाल पुढे वरच्या पायरीवर टिकला नाही. पण ज्या प्रश्नाला सरकार ‘धावपट्टीवरचे अतिक्रमण’ म्हणत होते, त्याचे खरे नाव एका न्यायालयात उच्चारले गेले: जमीन कुणाची?

त्याच सुमारास गूज बेला नाटो संघटनेचे भलेमोठे प्रशिक्षण केंद्र उभे करण्याचा घाट होता. तुर्कस्तानातले कोन्या हे दुसरे ठिकाण स्पर्धेत होते. शीतयुद्ध ओसरले आणि मे १९९० मध्ये नाटोने ती योजनाच सोडली. एखाद्याला वाटेल, आता संपले. तसे झाले नाही. परस्पर करारांखालची उड्डाणे चालू राहिली, आणि १९९५ मध्ये पर्यावरणाचा आढावा घेणाऱ्या समितीने वर्षाला अठरा हजार उड्डाणांपर्यंत जाण्याच्या योजनेला हिरवा कंदील दाखवला.

त्या कंदिलाच्या चार वर्षे आधी काय घडले होते ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले. ज्या डावपेचासाठी वर्षानुवर्षे खेडी हादरवली, तो डावपेच ब्रिटनच्या टोर्नेडो विमानांनी खऱ्या शत्रूवर वापरला. इराकी धावपट्ट्यांवर ती जमिनीलगत उडत गेली. पहिल्या काही दिवसांतच विमाने गमवावी लागली, आणि मग हुकूम सुटला की वर जा, मधल्या उंचीवरून मारा करा. जमिनीलगत उडणे लष्करी दृष्टीने अगदी निरुपयोगी ठरले, असे मी म्हणत नाही. हेलिकॉप्टरला, मालवाहू विमानाला, डोंगराळ मुलखात लढाऊ विमानालाही त्याची गरज पडते. पण जी गोष्ट ‘याच्याशिवाय देश वाचणार नाही’ म्हणून खेड्यांच्या गळी उतरवली जाते, ती लढाई सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत बदलता येते, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. त्यानंतरही लॅब्राडॉरसाठी अठरा हजारांची परवानगी निघते, तेव्हा तिच्यामागे लष्करी गरज किती आणि तळावरच्या नोकऱ्या, भाडे, करार हे किती, असा संशय येणारच. प्रत्यक्षात उड्डाणे त्या आकड्यापर्यंत कधी पोचलीच नाहीत. २००५ च्या आसपास जर्मन आणि ब्रिटिश विमानांनी तिथला मुक्काम हलवला. तेव्हा त्यांचा देश बुडाला नाही.

लॅब्राडॉरचा जॉर्ज नदीकाठचा कॅरिबूंचा कळप एके काळी काही लाखांचा होता. २०१८ च्या मोजणीत तो साडेपाच हजारांच्या आसपास भरला. त्याची कारणे अनेक सांगतात आणि ते सारे पाप विमानांच्या माथी मारणे मला पटत नाही. पण ज्या लोकांचे जगणे त्या जनावरावर, त्यांना विमाने आणण्यापूर्वी कुणी विचारले नव्हते, एवढे तर खरे.

हे झाले आवाजाचे. आता अपघाताचे. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी उत्तर इटलीत काव्हालेझे या डोंगरातल्या गावी अमेरिकन मरीन दलाचे एक विमान दरीतून सरावाचे उड्डाण करीत होते. तिथे सहाशे मीटरच्या खाली उतरायची मनाई होती. विमान इतके खाली आले की त्याने रोप-वेचा दोर कापला. पाळणा खाली कोसळला आणि त्यातली वीसच्या वीस माणसे मेली. बर्फात खेळायला आलेले प्रवासी आणि पाळणा चालवणारा एक कामगार. करारानुसार खटला इटलीत चालला नाही. अमेरिकेत लष्करी न्यायालयापुढे चालला, आणि १९९९ मध्ये वैमानिक मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. उड्डाणाची चित्रफीत नष्ट केल्याबद्दल मात्र पुढे त्याला शिक्षा झाली. वीस माणसांच्या मृत्यूला शिक्षा नाही, फितीला आहे! नियम कागदावर होता. तो पाळला जातो की नाही हे विचारण्याचा अधिकार खालच्या गावाला नव्हता.

या सरावाच्या बाजूने चार युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. ‘रिकामी जमीन’ हा पहिला, त्याचा समाचार घेऊन झाला. दुसरा म्हणजे, लोकांना सवय होते. रेल्वेरुळालगत राहणाऱ्याला गाडीची सवय होते, कारण गाडी वेळापत्रकाने येते, रुळांवरून येते आणि दुरून कळवत येते. जे कधी येईल, कुठून येईल हे माहीत नसते, त्याची सवय शरीराला होत नाही, धास्ती मात्र बसते. उद्या येईल की परवा, या धास्तीत लहान मूल झोपत नाही आणि म्हातारे माणूस दार लावून बसते.

तिसरा युक्तिवाद शास्त्रीय पोशाखात येतो. चोवीस तासांची सरासरी काढली तर आवाज मर्यादेतच आहे, असे म्हणतात. ही सरासरी म्हणजे काय ते पाहा. एकशेदहा डेसिबलचा, कान बधिर करणारा आवाज एक सेकंद झाला आणि त्याची ऊर्जा दिवसाच्या शहाऐंशी हजार चारशे सेकंदांवर वाटली, तर सरासरी साठ डेसिबलच्या आसपास येते. साठ डेसिबल म्हणजे दोन माणसांचे साधे बोलणे. गणित बिनचूक आहे. उद्या कुणाच्या डोक्यात दहा किलोचा पाटा घातला आणि त्याचे वजन वर्षाच्या दिवसांवर वाटले, तर रोजचे सव्वादोन तोळ्यांच्या आसपास पडेल. तेही गणित बिनचूकच. डोके फुटले ते मात्र एका दिवशी.

चौथा युक्तिवाद सगळ्यांत वजनदार आहे, आणि इथे बहुतेकांची जीभ टाळ्याला चिकटते. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, यात तुम्ही तोंड घालू नका. मी उलट विचारतो. सैन्य कुणाच्या रक्षणासाठी आहे? खालच्या शिवारात राबणारा माणूस देश नव्हे काय? प्रश्न विचारणे म्हणजे द्रोह, ही समजूत खुद्द फौजी कुटुंबांनीच मोडून काढलेली आहे. १७ सप्टेंबर २००१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी त्यानंतर वर्षानुवर्षे हवाई दलाला विमानांच्या सुरक्षिततेबद्दल जाहीरपणे प्रश्न विचारले. त्यांचे यजमान स्वतः हवाई दलातले. त्या माउलीला देशप्रेम शिकवायला कोण जाणार?

आता आपल्याकडे येतो. मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडा दिला: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग जातीच्या विमानांचे चारशेब्याऐंशी अपघात झाले. त्यांत एकशेएकाहत्तर वैमानिक आणि एकोणचाळीस नागरिक मेले. वैमानिकांचा आकडा मनात ठसतो आणि ठसायलाच हवा. पण त्या एकोणचाळीस जणांनी कुठल्या विमानात पाऊलही ठेवलेले नव्हते. ८ मे २०२३ रोजी राजस्थानात हनुमानगढ जिल्ह्यात नेहमीच्या सरावाला निघालेले मिग-२१ बहलोलनगर गावातल्या घरावर पडले आणि तीन महिला गेल्या. त्याच वर्षी २८ जानेवारीला ग्वाल्हेरहून उडालेली सुखोई आणि मिराज ही दोन विमाने सरावात अपघातात सापडली. एकाचे अवशेष मुरैना जिल्ह्यात पडले, दुसऱ्याचे राजस्थानात भरतपूरला. त्यात जो वैमानिक गेला तो आमच्या बेळगावचा. त्या दिवशी शहर हळहळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्वाल्हेरजवळच शिवपुरी जिल्ह्यात मिराज शेतात पडले. दोन्ही वैमानिक वाचले आणि खालीही कुणी दगावले नाही, हे सगळ्यांचे नशीब. त्याच वर्षी जुलैत शेजारच्या ढाक्यात हवाई दलाचे सरावाचे विमान शाळेवर पडले आणि तीसहून अधिक जीव गेले. त्यांत बहुतेक मुले होती. हे सारे अपघात खालून उडण्यामुळेच झाले, असे माझे म्हणणे नाही. सराव वस्तीवरून झाला की त्याची किंमत वस्ती भरते, एवढेच ते सांगतात. आणि विमान जितके खाली, तितका वैमानिकाला सावरायला आणि गावकऱ्याला पळायला वेळ कमी.

आमच्या सीमाभागाच्या उत्तर टोकाला बिदर आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बेळगाव, कारवार, निपाणीबरोबर ज्याचे नाव येते तेच बिदर. तिथल्या हवाई तळावर २००८ पासून हॉक जातीच्या जेट विमानांवर लढाऊ वैमानिक घडवले जातात. त्या परिसरात शेती आहे, गोठे आहेत, शाळा आहेत. तिथले सराव नियमाबाहेर चालतात असा आरोप मी करीत नाही. माझा मुद्दा साधा आहे. बिदर असो, ग्वाल्हेर असो, कुठल्याही तळाच्या आसपासचे खेडे असो, आपल्या तलाठ्याला किंवा तहसीलदाराला एकदा विचारून पाहा: या गावावरून विमान किती खालून जाऊ शकते? दिवसा किती वेळा, रात्री किती वाजेपर्यंत? म्हैस दावे तोडून विहिरीत पडली तर अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा? काय उत्तर मिळते ते बघा आणि मग ठरवा, मी उगाच कांगावा करतो आहे की कसे.

विशेष म्हणजे जमिनीवरच्या तोफांसाठी इंग्रजांनीसुद्धा कायदा केला होता. १९३८ चा मॅनूव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अ‍ॅक्ट. गोळीबाराच्या सरावासाठी मुलूख वापरायचा तर आधी राजपत्रात अधिसूचना, मग लोकांना सूचना, नुकसान झाले तर भरपाई, अशी त्यात तरतूद आहे. परक्या सरकारलाही निदान कळवण्याची लाज होती.

आणि कायदा असला तरी तो पुरत नाही, हे झारखंडातल्या नेतरहाटने दाखवले. तिथे प्रश्न विमानांचा नव्हता, तोफांचा होता. पण लोकांना न विचारण्याची रीत तीच. सुरुवातीला सात गावांपुरते असलेले गोळीबाराचे क्षेत्र नव्वदीच्या सुरुवातीला दोनशेपंचेचाळीस गावांवर पसरवण्याची अधिसूचना निघाली. बहुतेक लोक आदिवासी. मार्च १९९४ मध्ये टुटुवापानी इथे हजारो माणसे रस्त्यावर बसली आणि सैन्याच्या गाड्यांना परत फिरावे लागले. पुढे दरवर्षी त्याच तारखांना लोक तिथे जमत राहिले. २०२२ मध्ये राज्य सरकारने मुदत वाढवणार नाही असे जाहीर केले. अठ्ठावीस वर्षे लागली. हात कुणी उगारला नाही, जागाही कुणी सोडली नाही.

जर्मनीतही असेच एक उदाहरण आहे. बर्लिनच्या वायव्येला एका मोठ्या माळावर सोव्हिएत फौजांचे बॉम्बफेकीचे मैदान होते. ते गेल्यावर, १९९२ मध्ये, जर्मन लष्कराने ते आपल्याकडे घेऊन तिथे जमिनीलगतच्या हल्ल्यांचा सराव करायचे ठरवले. भोवतालच्या खेड्यांनी मोर्चे काढले, ईस्टरच्या सुट्टीत पदयात्रा काढल्या, खटल्यामागून खटले लढवले. जुलै २००९ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी तो नाद सोडला. सतरा वर्षे. जर्मनीचे संरक्षण त्याने दुबळे झाले असे कुणी म्हणत नाही.

मग मागायचे काय? विमाने बंद करा, असे मी म्हणत नाही. माझ्या मागण्या पाच आहेत आणि त्यांतली एकही अशक्य नाही.

पहिली, वस्ती, शाळा, दवाखाने आणि गुरांचे बाजार यांच्यावरून सरावाच्या उड्डाणाची किमान उंची ठरवून ती लोकांच्या भाषेत जाहीर करावी. बिदर-बेळगावात ती कन्नड आणि मराठी दोन्हींत असावी. दुसरी, खालून उडणे टाळता येणारच नसेल तर पट्टे आणि वेळा आधी कळवाव्यात. ब्रिटनमध्ये अडीचशे फुटांपर्यंत, आणि तीन ठरावीक भागांत शंभर फुटांपर्यंत उडायची मुभा आहे. तिथली गाऱ्हाणी संपलेली नाहीत, पण त्या तीन भागांचे वेळापत्रक निदान जाहीर होते. त्याने ब्रिटनची गुपिते शत्रूच्या हाती गेली नाहीत. तिसरी, जनावर दगावले, गर्भपात झाला, घर तडकले, तर जिल्हाधिकारी कार्यालयातच ठरावीक मुदतीत भरपाई मिळावी; शेतकऱ्याला दिल्लीचे उंबरे झिजवायला लावू नये. चौथी, कृत्रिम उड्डाण-यंत्रांवर, म्हणजे सिम्युलेटरवर जे शिकवता येते ते तिथेच शिकवावे आणि उरलेले शक्य तितके समुद्रावर न्यावे. पाचवी आणि माझ्या मते पहिल्या चारांचा पाया असलेली: नवा सराव-पट्टा आखताना खालच्या ग्रामसभांचे म्हणणे आधी ऐकावे आणि ते कागदावर घ्यावे. पट्टा रिकाम्या मुलखावरून नेतो असे कुणी म्हणाले, तर त्या मुलखात फिरून आल्याचा दाखलाही त्याने द्यावा.

निवेदने लिहिण्याची सवय आम्हा सीमावासीयांना नव्याने लावावी लागत नाही. तीन पिढ्या आम्ही तीच लिहीत आलो आहोत. भाषेसाठी लिहिली, फलकासाठी लिहिली, सातबाऱ्याच्या नकलेसाठी लिहिली. तेव्हा हा विषय आमचा नाही, असे म्हणू नये. ज्या ज्या गावावरून विमाने जातात, त्या गावच्या वाचकांना माझे सांगणे आहे की येत्या ग्रामसभेत वरचे तीन प्रश्न लेखी मांडा: किती उंची, कुठल्या वेळा, भरपाई कुठे. ठराव करून घ्या, त्याची नक्कल जिल्हाधिकाऱ्यांना आणि खासदारांना पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. उत्तर आले नाही तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडा. नेतरहाटला अठ्ठावीस वर्षे लागली. आपल्याला कमी लागावीत असे वाटत असेल, तर पहिला ठराव या वर्षीच व्हायला हवा.